आधी कंबर, मग आवाज

आमच्या चिमीला डाउन सिंड्रोम आहे. एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनाऐवजी तीन. जन्म फेब्रुवारी 2022चा. कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडायला काही आठवडे गेले, पण डॉक्टरांना अंदाज तिला पहिल्यांदा उचललं तेव्हाच आला होता. इतर बाळं उचलली की अंग आवळून घेतात; ही ओल्या धुण्यासारखी दोन्ही बाजूंनी लोंबायची. काखेत हात घालून धरलं की खांदे वर जायचे आणि ती खाली निसटायची. स्नायूंचा ताण कमी असणं, म्हणजे हायपोटोनिया. हा शब्द आमच्या घरात इतका बोलला गेला की माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्याही आता सहज म्हणून जातात, "आज पोरीचा टोन बरा हाय."

अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात जन्मतः काहीतरी दोष असतो, म्हणून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. छोटं छिद्र होतं, ते पहिल्या वर्षात आपोआप बुजलं. थायरॉइड कमी निघालं; त्याची गोळी सुरू झाली, ती आजही चालू आहे. त्या पहिल्या महिन्यांबद्दल मला फार लिहायचं नाही. रडारड सगळ्यांच्या घरी होते. लिहायचंय ते थेरपीबद्दल, कारण त्या बंद दारामागे नेमकं काय चालतं हे बाहेर कुणाला ठाऊक नसतं. "मालिश करतात का?" असं मला अजून विचारतात.

आम्ही तासगावचे. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाने आम्हाला पहिल्यांदा वाट दाखवली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची सरकारी योजना आहे, 2013मध्ये पालघरहून सुरू झालेली. त्यांचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात आणि वाढीत काही मागे दिसलं की पुढे चिठ्ठी देतात. चिमी तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची. "वाट बघू नका, मान धरायच्या आधीच फिजिओ सुरू करा," एवढं एकच वाक्य त्या डॉक्टर बोलल्या आणि पुढच्या बाळाकडे वळल्या. ते वाक्य ऐकलं म्हणून आमचं बरंचसं नीट झालं. नातेवाइकांचं ऐकलं असतं तर वर्षभर 'पोरीचं अंग नाजूक हाय' म्हणत बसलो असतो.

मग कवलापूर, बुधगाव करत सांगलीला जाणारी एसटी, मांडीवर चिमी, पिशवीत दुधाची बाटली आणि जास्तीचे दोन लंगोट. मार्च 2023मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आनंद माझ्याइतका त्या गाडीत दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

सेंटर छोटं. एका खोलीत फिजिओ, शेजारच्या खोलीत स्पीच, मध्ये पडदा. फिजिओच्या ताई वयाने माझ्याहून लहान, पण अशा ठिकाणी सगळ्या बायकांना 'आई' म्हणायची पद्धत असते. पहिल्याच दिवशी त्यांनी रेक्झिनचा लांबट निळा गोळा काढला, त्यावर चिमीला पालथं घातलं आणि मला विचारलं, "आई, घरात बैठकीचा लोड आहे?" होता. आत्यांच्या लग्नातला, कापसाने गच्च भरलेला. "मग हा विकत घेऊ नका." छाती लोडावर, हात पुढे जमिनीला टेकलेले, समोर स्टीलचं ताट उभं करून ठेवायचं. ताटात स्वतःचं तोंड दिसतं म्हणून बाळ मान वर करतं. सुरुवातीला चिमीचं नाक लोडावरच टेकायचं. मग क्षणभर मान वर यायची, डुलायची, पुन्हा खाली. दिवसातून थोडा थोडा वेळ, पण अनेकदा. ताईंचं सांगणं पक्कं होतं: इथे आठवड्यातून दोनदा जे होतं ते तुम्हाला दाखवण्यापुरतं. खरा व्यायाम लंगोट बदलताना, अंघोळीनंतर, भाकरी भाजताना.

आता मूळ मुद्द्यावर येते.

चिमी नऊ महिन्यांची झाली तरी तिचा आवाज अगदी बारीक होता. रडली तरी शेजारच्या खोलीत ऐकू यायचं नाही. हसायची ते तोंड उघडून, आवाजाशिवाय. मी पडद्यापलीकडच्या स्पीचच्या मॅडमना विचारलं की हिची स्पीच थेरपी कधी सुरू करायची. त्या म्हणाल्या, "सुरू आहे की. तिकडे फिजिओत चाललंय ते काय आहे?" मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी चिमीला गादीवर उताणं ठेवलं, तिच्याशी गप्पा मारल्या. चिमी हात हलवत राहिली, घशातून हवेसारखं काहीतरी आलं. मग ताईंनी तिला आपल्या मांडीवर बसवलं, दोन्ही तळहात तिच्या कमरेच्या जरा खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे घट्ट दाबून धरले, अंगठे पाठीला. पाठ सरळ झाली. मॅडम तिच्या तोंडासमोर वाकल्या आणि पुन्हा तेच बोलल्या. एक 'आऽ' आला, चांगला खणखणीत. चिमी स्वतःच दचकली आणि रडायला लागली. ते रडणंही मोठ्याने.

मॅडमनी समजावलं ते मला अजून पाठ आहे. आवाज श्वासावर चालतो. श्वास भरायला बरगड्या उचलाव्या लागतात. पाठ दुमडलेली असेल तर बरगड्या आणि पोट एकमेकांवर पडतात, फुप्फुसांना जागाच उरत नाही. पाठ सरळ राहायची तर कंबर पक्की बसलेली हवी. "त्यामुळे आधी कंबर," त्या म्हणाल्या. "तोंड शेवटी. लोक मात्र तोंडापासून सुरू करतात."

तोंडापासून सुरू करणारे आमच्याकडेही होतेच. अक्कलकारा मधात उगाळून जिभेला लावा म्हणजे पोरगी पोपटासारखी बोलेल, असं एका पाहुण्यांनी छातीठोकपणे सांगितलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, त्यातून बोट्युलिझमसारखी जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते, हे मी डॉक्टरांकडून ऐकलेलं होतं. आत्यांनी त्या पाहुण्यांना चहा दिला आणि अक्कलकाऱ्याची पुडी देव्हाऱ्याच्या मागे सरकवली. तिथेच आहे अजून.

बसण्यातली अडचण वेगळीच होती. डाउन सिंड्रोममध्ये सांधेही सैल असतात. चिमीला बसवलं की तिचे पाय दोन बाजूंना इतके फाकायचे की ती मध्ये सपाट टेकायची. पडायची नाही, पण त्या बैठकीत कमरेला कामच नसायचं. दिसायला बाळ मस्त बसलेलं, पाहुणे म्हणायचे, "बसते की!" ताई म्हणायच्या, हे बसणं नव्हे, हे मांडून ठेवणं आहे. मग त्यांनी एक युक्ती सांगितली. जुनी ताणणारी लेगिंग घ्यायची, दोन्ही पाय मांडीपासून गुडघ्यापर्यंत आतल्या बाजूने एकमेकांना शिवून टाकायचे. मी त्याच रात्री मशीनवर बसले. पहिली शिवण फार घट्ट झाली, उसवून पुन्हा घातली. ती चड्डी घातली की मांड्या एकमेकींजवळ राहायच्या, आणि बसायचं तर पोटाचे, कमरेचे स्नायू वापरावेच लागायचे. पहिले काही दिवस चिमी चिडली. मग रांगताना तीच चड्डी उपयोगी पडली, कारण गुडघे बाजूला पळत नव्हते. परदेशात अशा चड्ड्या तयार मिळतात म्हणे. आमची आत्यांच्या जुन्या शिलाई मशीनवरची होती, जांभळ्या रंगाची, एका बाजूने उसवलेली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिन्यांत येतं आणि एकट्याने चालणं 8.2 ते 17.6 महिन्यांत. हा तक्ता क्लिनिकच्या भिंतीवर होता आणि मी प्रत्येक वेळी तो वाचायची. चिमी वर्षाची होता होता बसली. ताईंनी एकदा मला त्या तक्त्याकडे पाठ करून बसवलं, सरळ खुर्चीच फिरवली. त्यांचं म्हणणं, पायऱ्या त्याच आहेत आणि क्रमही बहुतेक तोच. एकेक पायरी किती रुंद आहे एवढंच हिच्या बाबतीत वेगळं.

बसायला लागल्यावर जेवण हीच स्पीच थेरपी झाली. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. खालचा ओठ सैल, जीभ बाहेर, त्यामुळे घास जिभेबरोबर परत यायचा. आपल्याकडे घास भरवताना चमचा वरच्या ओठाला पुसून बाहेर काढतात. मॅडमनी ते थांबवलं. सपाट चमचा घ्यायचा, खोलगट नाही. तो आडवा, सरळ आत न्यायचा, जिभेच्या मध्यावर हलकासा दाबायचा आणि थांबायचं. वरचा ओठ खाली यायची वाट बघायची. ओठाने घास ओढून घेतला की चमचा सरळच बाहेर. मऊ भाताचा एक घास असा भरवायला सुरुवातीला जीव जायचा, वाटी संपेपर्यंत भात गार. पण 'म', 'प', 'ब' म्हणायला दोन्ही ओठ मिटावे लागतात, आणि ओठ मिटण्याचा सराव दिवसातून तीन वेळा, फुकट, दुसरीकडे कुठे मिळणार? शिट्ट्या आणि फुगे फुंकून बोलणं येतं असा समज आहे, त्याबद्दल मॅडमचं मत स्पष्ट होतं: फुंकायला शिकलेलं मूल चांगलं फुंकतं, बस्स.

आमच्याकडे मोठं भांडण झालं ते खुणांवरून. चिमी सव्वा वर्षाची असताना मॅडमनी हाताच्या खुणा सुरू केल्या. दोन्ही हातांची बोटं जुळवून एकमेकांवर टेकवली की 'आणखी'. तळवे उलटे केले की 'संपलं'. अंगठा ओठांशी नेला की 'पाणी'. खूण करताना तो शब्द प्रत्येक वेळी तोंडाने म्हणायचाच. चिमीच्या पप्पांना हे बिलकूल पटलं नाही. "मुक्यासारखे हातवारे शिकवायचे? मग ही बोलणार कशाला?" त्यांचा राग मला समजत होता, लेक बोलावी म्हणून फी भरायची आणि तिथे हात हलवायला शिकवतात. मॅडमनी त्यांनाच पुढच्या वेळी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "साहेब, तिला समजतं ते तिला सांगता येतं त्यापेक्षा खूप जास्त आहे. मधल्या काळात तिने काय करायचं? डोकं आपटायचं?" चिमी त्या दिवसांत खरंच जमिनीवर डोकं आपटायची. ते गप्प झाले, पण त्यांना पटलं नव्हतं. खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही, उलट बोलण्याला आधार मिळतो, हे त्यांना पटलं ते घरी.

तासगावात बेदाण्याला तोटा नाही. आत्या हंगामात शेजारणींबरोबर बेदाणे निवडायला बसतात, देठ काढायच्या, काळे बाजूला करायच्या. चिमी परातीजवळ बसायची. ताईंनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीसाठी बारीक वस्तू उचलायला द्या असं सांगितलंच होतं, पण गोल, चिकट वस्तू घशात अडकते म्हणून खायला द्यायचा तो बेदाणा भिजवून, अर्धा करून, आणि समोर बसून. मी अर्धा बेदाणा तिच्या तळहातावर ठेवायची. चिमटीत धरायला तिला वेळ लागायचा, आधी सगळी बोटं एकदम झडप घालायची. तो खाऊन झाला की मी वाटी झाकून म्हणायची, "आणखी?" आणि गप्प बसायची. मनात दहापर्यंत मोजायचं, हा मॅडमचा नियम. आमच्या घरात दहा मोजेपर्यंत गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. आत्या मधेच, "दे की गं लेकराला, किती बघत्या वाटीकडं!" चिमी वाटीकडे बघायची, माझ्याकडे बघायची, पुन्हा वाटीकडे. असे बरेच दिवस. एका संध्याकाळी पप्पा बाजूला मोबाइलवर होते. चिमीने वाटीकडे पाहिलं, त्यांच्याकडे वळली, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर टेकवली. त्यांच्याकडे बघत. त्यांनी अर्धी वाटी तिच्या पुढ्यात ओतली, म्हणजे सगळे नियम मोडले. दुसऱ्या दिवसापासून 'कुत्रा', 'गाडी', 'झोप' यांच्या खुणा ते मला विचारायला लागले.

त्या हिवाळ्यात मात्र एकदम खीळ बसली. 'बाबाबा', 'मामामा' चालू झालेलं थांबलं. नाव घेतलं तरी वळेना. सगळ्यांना वाटलं, हट्टीपणा. मॅडमनी पाठीमागून चमचा पडू दिला आणि लगेच कानाच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. मिरजेत टिंपॅनोमेट्री झाली: कानात छोटं बूच घालून हवेचा दाब बदलतात आणि पडदा किती हलतो त्याची रेघ कागदावर उमटते. निरोगी कानात रेघेला डोंगर येतो. चिमीच्या दोन्ही कानांची रेघ सपाट. पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं. डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, सर्दी झाली की पाणी निचरत नाही, आणि पाण्यातून आपण ऐकतो तसं सगळं मंद ऐकू येतं. आतली नस ठीक आहे ना, यासाठी झोपेत बेरा तपासणी झाली, ती व्यवस्थित निघाली. डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया न सांगता तीन महिने थांबायला सांगितलं. तेवढे दिवस आम्ही तिच्या जवळ, समोर बसून, तोंड दिसेल असं बोलायचो, टीव्ही बंद. पाणी निचरलं. पण तेव्हापासून दर सहा महिन्यांनी कान तपासायचे हे कॅलेंडरवर लिहिलेलं असतं, आणि इतर आयांना मी पहिली गोष्ट हीच सांगते: बोलत नाही म्हणून स्पीचला जाण्याआधी कान.

पावणेदोन वर्षांची असताना डीएएसआयआय नावाची चाचणी झाली. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर काम करून बसवलेली. ठोकळे, घंटा, दोरी बांधलेलं कडं, असं साधंच सामान असतं, पण हालचालीचं वय आणि बुद्धीचं वय त्यात वेगवेगळं निघतं. चिमीचं बुद्धीचं वय हालचालीच्या वयापेक्षा पुढे निघालं. ताई खूश झाल्या: म्हणजे तिला काय करायचंय ते तिला कळतंय, अंग साथ देत नाही एवढंच. आकडे मी घरी कुणाला सांगितले नाहीत. आकडा एकदा कळला की नातेवाईक तोच धरून बसतात.

उभं राहण्याचं काम पाटावर सुरू झालं. पाटावर बसवायचं, तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले, आणि समोरच्या खाटेवर आवडीची वस्तू. उठायचं ते एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे रोवून. चिमी मात्र दोन्ही हातांनी लटकून सरळ पायांनी वर यायची, गुडघे मागे वाकवून. ते चालू द्यायचं नव्हतं, कारण सैल गुडघ्यांना तीच सवय लागते. पुढचा पाय मी माझ्या हाताने जागेवर दाबून धरायची. पावलं सपाट आणि घोटे आत कललेले, म्हणून पायाला आधार देणारे स्प्लिंट झाले. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या पायाला गुंडाळून साचा घेतात. चिमीने वाळायच्या आत त्यात बोट घातलं आणि दुसऱ्यांदा साचा घ्यावा लागला.

याच सुमारास तिच्या मामाने मोठ्या कौतुकाने चाकांचा वॉकर आणला, मधोमध बसायची झोळी असलेला, गाणी वाजणारा. ताईंनी तो घरात ठेवू नका असंच सांगितलं. बाळ त्यात चवड्यांवर ढकलत राहतं, तोल सांभाळायची गरजच पडत नाही, वर जिन्यावरून, उंबऱ्यावरून पडण्याचा धोका. कॅनडाने तर 2004मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. मामाला वाईट वाटलं. तेव्हा आत्या म्हणाल्या, "मग पांगुळगाडा चालंल का?" ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "चालेल काय, तोच हवाय!"

माळ्यावरून पांगुळगाडा निघाला, चिमीच्या पप्पांचा. तीन चाकं, उभी दांडी, लाकूड काळं पडलेलं. त्यात बाळ बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं. वजन स्वतःच्या पायावर. अडचण एकच, घरात आता फरशी आहे. जुन्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर तो बेताने चालायचा, फरशीवर चिमीने नुसता हात लावला की गाडा पुढे आणि ती पालथी. ताईंनी फोटो मागवला, मग उपाय सांगितला. चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बसवल्या म्हणजे घसरणं थांबलं. पुढच्या बाजूला दोन किलो ज्वारीची पिशवी बांधली म्हणजे गाडा जड झाला आणि ढकलायला कमरेतून जोर लावावा लागला. पुन्हा कंबर. जसजशी ती पक्की झाली तसतशी ज्वारी कमी करत गेलो. सुताराने दांडी कापून तिच्या छातीच्या उंचीला आणून दिली, पैसे घेतले नाहीत.

गाडा ढकलताना तिला आवाज फुटायचा. चालताना एक लांबलचक 'ऊऽऽ', गाडीचा. स्पीचच्या मॅडमनी व्हिडिओ बघितला आणि त्यावरच काम सुरू केलं: गाडा थांबला की 'पों', निघाला की 'चल'. 'चल' तिला जमेना, 'तल' म्हणायची. चालेल म्हणाल्या.

सव्वादोन वर्षांची होऊन गेल्यावर ती गाडा सोडून चालली. स्वयंपाकघराच्या दारापासून आत्यांच्या मांडीपर्यंत, पाय रुंद टाकत, हात खांद्याच्या उंचीला. आत्या भाजी निवडत होत्या, त्यांनी विळी पायाने लांब ढकलली आणि दोन्ही हात पसरले. मी तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होते. मला आतून फक्त आत्यांची हाक ऐकू आली, आणि मी गेले तोवर चिमी मांडीवर बसून कोथिंबीर खात होती. परत चालून दाखवायला तिने साफ नकार दिला.

सरकारी कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज, मग रुग्णालयात तपासणी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. या वयात मिळतं ते प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, पुन्हा तपासणी करावी लागते. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, तीत एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो आणि थेरपीचाही त्यात समावेश आहे. पावत्या जपून ठेवा. शिक्का, सही, तारीख, तिन्ही बघून घ्या. एका खिडकीवर मला तारीख नाही म्हणून परत पाठवलं होतं, त्यानंतर मी पावती घेताना काउंटर सोडतच नाही.

आता चिमी तीन वर्षांची आहे. खुणा अजून आहेत, पण शब्द आले की ती खूण आपोआप सोडून देते. 'पाणी'ची खूण कधी गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यात स्पष्ट शब्द 'नको'. त्यातला 'क' येतो, पण 'काका'मधला येत नाही, त्यामुळे तिचा काका 'ताता' झालाय आणि फोनवरही तेच नाव लावून घेतो. 'क' आणि 'ग' घशाजवळून येतात, जीभ मागे ओढावी लागते, ते सध्या मॅडमचं काम आहे. दुसरं काम दोन शब्द जोडायचं: 'आजी ये', 'भूभू गेला'. वाक्यात पुढचा शब्द मी सांगायचा नाही, तिने घालायचा. मनातले दहा अजून चालूच.

ताईंकडे आता जिना. चढते, एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणून. उतरताना बसते आणि घसरत येते. कोलांटी आणि मानेला झटका बसेल असे खेळ अजिबात नाहीत, कारण या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. अंगणवाडीच्या बाईंना मी हे लेखी दिलंय आणि तोंडीही सांगितलंय. पाय वाढलाय, स्प्लिंट चावायला लागले आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा प्लास्टर. या वेळी तिची बोटं धरायला पप्पा रजा टाकून येणार आहेत.